आठ आखूड तारा

पाचशे बारा यंत्रं एका दालनात उभी केली की काम पाचशे बारा पटींनी लवकर होतं, असं ज्याला वाटतं त्याने एकत्र कुटुंबात कधी दिवस काढलेला नसावा. माणसं वाढली म्हणून स्वयंपाक लवकर होतो का? कोण कुणाला विचारणार, कुणाचा निरोप कुणामार्फत जाणार, यातच दुपार उलटते. यंत्रांचंही अगदी तेच. हिशेबाला त्यांना क्षणही लागत नाही, वेळ खातो तो एकमेकांना विचारण्याचा खटाटोप. म्हणून कोणतं यंत्र कुणाशी जोडायचं हे ठरवणारं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे छबी.

छबी हे तिचं घरातलं नाव. कार्यालयात ती मॅडम होती, पण आपण घरचेच, तेव्हा छबीच म्हणू. वय अडतीस, चष्मा जाड, आणि कागदावर रेघ ओढताना जीभ किंचित बाहेर काढायची लहानपणची सवय अजून गेलेली नव्हती. तिचं कार्यालय पुराचा अंदाज काढायचं. नदीकाठच्या मुलखाचे पाचशे बारा तुकडे केलेले, एकेका यंत्राकडे एकेक तुकडा. तुझ्याकडे पाणी किती चढलं, तुझ्या बंधाऱ्याचं दार उघडं आहे का, असं प्रत्येकाने बाकीच्यांना विचारत विचारत पुढचा तास मोजायचा. जुन्या यंत्रणेला याला तीन तास लागत. तोवर खालच्या अंगाच्या लोकांना अंदाजाची गरजच उरत नसे, पाणी त्यांच्या उंबऱ्यावर आलेलं असे.

नव्या यंत्रणेने चाळीस मिनिटांत निकाल द्यायचा होता. छबीने त्यासाठी जो नकाशा काढला होता तो खरंच देखणा होता, त्यात शंका नाही. सोळा कपाटं, एकेकात बत्तीस यंत्रं. प्रत्येक कपाटातून पाचच जाड तारा निघायच्या, सगळ्या मिळून चाळीस. आणि त्या अशा बेताने जोडलेल्या, की कुठल्याही कपाटाचा निरोप कुठल्याही कपाटाला जायला मध्ये फार तर एक कपाट लागावं. एक तार कमी नाही, एक जास्त नाही. संचालकांनी तो नकाशा चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावला होता. आल्यागेल्याला दाखवायचे आणि म्हणायचे, आमच्या मॅडमचं डोकं बघा.

तर चाचणीच्या दिवशी समितीची सात माणसं पडद्यासमोर खुर्च्या मांडून बसली. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. चहा आला, कप परत गेले. दोन तास दहा मिनिटांनी पडद्यावर अंदाज उमटला. कुणी रागावलं नाही, हेच जास्त वाईट. समितीतले एक म्हातारे सभासद एवढंच म्हणाले की जुनी यंत्रणा निदान जुनी तरी होती.

छबीला मात्र पहिल्या तासाभरातच सगळं कळलं होतं. तारांवर किती गर्दी आहे हे बाजूच्या छोट्या पडद्यावर दिसत होतं. पाचव्या आणि बाराव्या कपाटामधली एकुलती एक तार लालभडक झाली होती आणि वरच्या अंगाचे सगळे निरोप तिच्या तोंडाशी येऊन तुंबले होते. असं का झालं हे त्या खोलीत फक्त तिला माहीत होतं. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि पुन्हा ठेवला.

सहा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तारा ओढायचं काम चालू असताना तिला फोन आला होता, "छबे, आठ तारा पोचत नाहीयेत गं." फोन करणारा माणूस तिचा सख्खा मामा होता.

मामाचं थोडं सांगायला हवं. छबी सात वर्षांची असताना तिचे वडील गेले, आणि आईच्या या थोरल्या भावाने दोघींना आपल्या घरी आणलं. स्वतःच्या पोरांच्या ताटाला ताट लावून तिला वाढवलं. त्याचा धंदा तारा जोडण्याचा. घरातल्या दिव्यापंख्याच्या नव्हे, मोठाल्या यंत्रदालनांतल्या. तीस वर्षं तो शिडीवर उभा होता, आणि तीस वर्षांत त्याने जोडलेली तार भलत्या भोकात गेली असं कुणी म्हणालेलं नव्हतं. मंजूर कारागिरांच्या यादीत त्याचं नाव छबी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून होतं. हे कामसुद्धा त्याला त्याच्या पाळीने मिळालं, छबीने त्यात बोटही घातलं नव्हतं. तेव्हा सांगायला काय हरकत होती? कुणी काही म्हटलं नसतं.

पण पहिल्याच दिवशी मामा गुडघ्यावर ठिगळ लावलेली पँट घालून आला, कमरेला चिकटपट्टीची भेंडोळी लटकवलेली. शिडीच्या टोकावरून सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा ओरडला, जेवलीस का गं पोरी. शेजारी संचालक उभे. त्यांनी हसून विचारलं, ओळखीचे का? छबीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती म्हणाली की नाही, त्यांची बोलायची पद्धतच तशी दिसते. पुढच्याच आठवड्यात एक अर्ज भरायचा होता, या कामात तुमचा कुणी नातेवाईक आहे का, त्यावरही तिने ‘नाही’ लिहून टाकलं. एकदा नाही म्हटलं की पुढचं नाही सोपं जातं. संध्याकाळी तिने मामाला फोन करून सांगितलं की इथे मला मॅडम म्हणत जा. मामा आधी खो खो हसला. मग म्हणाला, बरं. दुसऱ्या दिवसापासून तो तिला इतक्या अदबीने मॅडम म्हणू लागला की कुणालाही वाटावं, याने हिला जन्मात आधी पाहिलेलंच नाही.

तर त्या आठ तारा. या तारा कापून जोडता येत नाहीत, कारखान्यातून ठरावीक मापाच्याच येतात. छबीने मापं काढली होती ती नकाशावर पट्टी ठेवून, या कपाटापासून त्या कपाटापर्यंत सरळ. पण तार काही जमिनीवरून चालत जात नाही. ती आधी कपाटातून वर छताखालच्या जाळीत चढते, मग जाळीतून जाते, मग दुसऱ्या कपाटात खाली उतरते. चढण्याउतरण्याचे चार मीटर ती विसरली होती. कॉलेजातली पोरं करतात ती चूक. बत्तीस तारांची मापं मुळातच थोडी मोठी मिळाल्यामुळे निभावलं, पण सगळ्यात लांबच्या आठ तारा तोकड्या पडल्या.

नव्या मागवायच्या तर दीड महिना, आणि संचालकांपुढे जाऊन म्हणायचं, साहेब, तुम्ही भिंतीवर लावलेल्या नकाशात मी उंची धरायची विसरले. ते तिच्याने होईना. तिने दहा मिनिटांत मनातल्या मनात हिशेब केला आणि मामाला फोनवरच सांगितलं, या आठ तारा त्या लांबच्या कपाटांना न लावता अलीकडच्या या या कपाटांना लावा, फरक पडणार नाही. मामाने विचारलं, कागदावर देशील? ती म्हणाली, देते हो, तुम्ही जोडा तर आधी. कागद तिने दिला नाही. देणार कसा? नकाशातला बदल म्हणजे संचालकांची सही, आणि सही म्हणजे कारण सांगणं आलं. आणि फरक पडणार नाही म्हणता म्हणता चांगला दीड तासाचा फरक पडला.

चाचणी फसल्यावर तपासनीस नेमला गेला. तरुण माणूस, चुणचुणीत, बोलताना पेन टकटकवणारा. त्याला दालनात पाऊलही टाकावं लागलं नाही. कुठलं कपाट कुणाला जोडलंय हे यंत्रं स्वतःच सांगतात. त्याने ती यादी काढली, मंजूर नकाशाशेजारी ठेवली, आणि अर्ध्या तासात आठ तारांवर लाल खुणा केल्या. निष्कर्ष एका ओळीचा: नकाशा बरोबर, जोडणी चुकीची, दोष जोडणाऱ्याचा.

संचालकांनी छबीला बोलावून घेतलं. चांगला माणूस तो, तिच्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही नव्हतं. खुर्चीमागे तो चौकटीतला नकाशा. ते म्हणाले, "एवढंच सांगा, त्या तारवाल्याला तुम्ही हाच नकाशा दिला होता ना? दुसरं काही सांगितलं नव्हतं?"

"हाच दिला होता," छबी म्हणाली. "दुसरं काही नाही."

आता लक्षात घ्या, ही बाई काही दुष्ट नव्हती. बाहेर येऊन ती जिन्यातल्या खिडकीपाशी उभी राहिली तेव्हा तिला स्वतःच्या तोंडाची किळस आली. आठवडाभराने सुनावणी होती. दोष सिद्ध झाला की मामाचं नाव यादीतून जाणार, आणि यादीतून गेलं की कुठल्याच यंत्रदालनाचं दार त्याला उघडणार नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने मग काय करायचं, लोकांच्या दारावरच्या घंटा दुरुस्त करायच्या? हे सगळं तिला दिसत होतं. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगते. रोज दुपारी संचालकांच्या दारापर्यंत जायची आणि आतून कुणाचा तरी आवाज आला की परत फिरायची. कुणी नसलं तरी परत फिरायची.

आई तिच्याजवळच राहायची. पाचव्या दिवशी आई म्हणाली की तुझा मामा येऊन गेला, पोटभर जेवला, आणि जाताना म्हणाला, छबीचं काम फार डोक्याचं असतं, तिला सध्या काही विचारत जाऊ नकोस. आईला बिचारीला कशाचा पत्ता नव्हता. तिने कौतुकाने सांगितलं, आणि छबीने ताट बाजूला सारलं.

त्यानंतरचं मात्र सांगायलाही लाज वाटते, पण सांगायला हवं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला एकदम लेबलं आठवली.

मामाची एक पद्धत होती. तारेच्या टोकाला लेबल गुंडाळायचं आणि त्यावर बारीक अक्षरात तीन ओळी लिहायच्या: कुठून, कुठे, कुणाच्या सांगण्यावरून. बाकीचे तारवाले दोनच ओळी लिहितात. तिसरी ओळ त्याच्या उस्तादाने शिकवलेली. उस्ताद म्हणायचा, तार बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने लिहून ठेवावं. बत्तीस तारांवर तिसऱ्या ओळीत ‘नकाशावरून’ असणार. आणि त्या आठांवर? खाई त्याला खवखवे म्हणतात. छबी उठून बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती यंत्रदालनात गेली. मनाशी म्हणत होती की नुसतं बघून येऊ. हवं तर पुरावा म्हणून एखादं काढून संचालकांना दाखवू. पण मग पर्समध्ये छोटी कात्री कशाला घेतली होती, आणि दालनात कुणी नाही अशीच वेळ का निवडली होती? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तेही स्वतःपासून. पाचव्या कपाटाचं मागचं दार उघडून तिने वाकून पाहिलं. तार होती. लेबल नव्हतं. लेबलाच्या जागी गोंदाचा चिकट पट्टा तेवढा होता, त्याला धूळही लागली नव्हती. तिने आठही तारा पाहिल्या. सगळ्या उघड्या. दारावरच्या वहीत आदल्या दिवशीची नोंद होती, तारवाले, पकड विसरली होती, वीस मिनिटं.

तो तिच्या आधी येऊन गेला होता. जे करायला ती आली होती तेच करून गेला होता, आणि तेही तिच्यासाठी. छबी तिथेच कपाटाला टेकून बसली. यंत्रांचे पंखे घोंघावत होते आणि तिला वाटलं, आत्ता कुणी आलं आणि विचारलं, इथे काय करताय, तर हातातल्या कात्रीचं काय सांगायचं?

संध्याकाळी ती मामाकडे गेली. मामी बाहेर गेली होती. मामा ओट्याशी उभा राहून स्वतःसाठी चहा करत होता. तिला बघून त्याने न विचारता पाणी वाढवलं. लेबलं कुठे गेली, असं तिने विचारलं. तो म्हणाला, गोंद हल्ली चांगला मिळत नाही, पडली असतील. ती म्हणाली, मामा, तुम्ही काढलीत. मग त्याने गॅस बंद केला आणि तिच्याकडे वळून सरळ सांगितलं. म्हणाला की माझं आता राहिलंय किती, गुडघे शिडीवर चढू देत नाहीत, दोनेक वर्षांत मी तसाही खाली उतरणारच होतो. तुझं अजून सगळं व्हायचंय. उद्या तिथे तू काही बोलू नकोस. मी म्हणेन, म्हातारा झालो, नजर चुकली, आणि विषय संपेल.

तो रागावला असता तर छबीला बरं वाटलं असतं. तिने नाही म्हणायला हवं होतं. नको मामा, मी सांगते, असं तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, आणि वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. आठवडाभर छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचललं, असं वाटलं. ते हायसं वाटणं मामाने तिच्या चेहऱ्यावर पाहिलं, आणि तो कपात चहा गाळायला वळला. दोघांनी चहा घेतला. मग ती घरी आली.

सुनावणी सकाळी अकराला होती. लांबट खोली, मध्ये टेबल. एका बाजूला संचालक, ते म्हातारे सभासद आणि तपासनीस. छबी कोपऱ्यात, नकाशाची फाइल मांडीवर घेऊन. मामा समोरच्या खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून. त्याने खोलीत येताना सगळ्यांना नमस्कार केला, तिलाही केला, नमस्ते मॅडम.

सुरुवात ठरल्यासारखी झाली. मामाने कबूल केलं की आठ तारा चुकल्या, वय झालं, नजर चुकली. संचालकांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटत होतं. आता कागदावर सही झाली की झालं.

पण तपासनीसाचं पेन टकटकायला लागलं. तो म्हणाला की चूक कुणाचीही होते, ते आपण समजू शकतो. पण आज सकाळी मी स्वतः दालनात जाऊन पाहिलं, तर या आठ तारांना लेबलच नाहीत. म्हणजे कुठली तार कुठे जाते याची नोंदसुद्धा न ठेवता जोडून मोकळे झालेत. ही नजरचूक नव्हे, हा गलथानपणा आहे. तीस वर्षं हे असंच काम करत आले असतील तर बाकीच्या दालनांचीही तपासणी करायला हवी.

मामाची मान खाली होती ती वर आली. चुकलो हे शब्द त्याने आधी घरी घोटून ठेवले होते, ते त्याला बोलता आले. पण याची त्याने तयारी केलेली नव्हती. त्याचा चेहरा छबीने कधी पाहिला नव्हता असा झाला.  मग त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेली एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"बिनलेबलाची तार मी जन्मात ठेवली नाही, साहेब," तो म्हणाला. "होती लेबलं. मी काढली. बाकी काय म्हणायचं ते म्हणा, पण हे म्हणू नका."

संचालकांनी पुडी उघडली. सोळा लेबलं, आठ तारांच्या दोन्ही टोकांची, एकावर एक नीट रचलेली. त्यांनी वरचं उचलून चष्म्याजवळ धरलं आणि मोठ्याने वाचलं. कुठून, पाचवं कपाट. कुठे, सहावं कपाट. कुणाच्या सांगण्यावरून, ‘फोनवर, छबी’. खाली तारीख. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. तिसरी ओळ सगळ्यांवर तीच.

"ही छबी कोण?" त्यांनी विचारलं.

मामाच्या आत्ता लक्षात आलं की आपण काय केलं. तो गडबडला. म्हणाला की आमच्या घरातलीच आहे, तिचा यात काही संबंध नाही, तिचं नाव नका घेऊ.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग तपासनीस हसला. म्हातारे सभासदही हसले, त्यांना हसू आवरेना. घरातली बाई फोनवर सांगते आणि हे गृहस्थ पाचशे यंत्रांच्या तारा तिकडच्या इकडे करतात! तपासनीस म्हणाला, भाजी काय आणायची तेही त्याच फोनवर विचारलं असेल. संचालक हसले नाहीत, पण त्यांनी लेबल खाली ठेवून सहीचा कागद पुढे ओढला. आता तर दयामाया करण्याचंही कारण उरलं नव्हतं.

मामा हसला नाही, रडलाही नाही. हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. छबीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

आणि छबीला स्वच्छ दिसलं की अजूनही आपण सुटू शकतो. या खोलीत छबी कोण हे कुणालाच माहीत नाही. तोंड उघडलं नाही तर जन्मात कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामा सही करेल, खाली उतरेल, आणि भिंतीवरचा नकाशा भिंतीवर राहील. ती उठली तेव्हा मांडीवरची फाइल खाली पडली, कागद पसरले, पण ते गोळा करायला ती वाकली नाही. 

"छबी मी," ती म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. संचालक म्हणाले, काय म्हणालात मॅडम? तेव्हा तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. "घरी मला छबी म्हणतात. हे माझे मामा आहेत. यांनीच मला वाढवलंय. तारा आखूड पडल्या कारण मी उंची धरायची विसरले, आणि त्या दुसरीकडे जोडायला मीच सांगितलं. यांनी कागद मागितला होता. मी दिला नाही."

मग तिने बाकीचंही सांगितलं. अर्जावर खोटं लिहिलं ते, संचालकांशी खोटं बोलली ते, आणि कात्रीचंही. कात्रीचं सांगायची काही गरज नव्हती, ते कुणालाच कळलं नसतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर तिला मध्ये कुठे थांबावं ते समजेना. तपासनीसाने पेन टेबलावर आडवं ठेवलं होतं. संचालक तिच्याकडे बघत नव्हते. ज्या माणसाने आपलं एवढं कौतुक केलं तो आपल्याकडे बघायचं टाळतो, हे बघणं फार जड असतं.

निर्णयाला फार वेळ लागला नाही. मामाच्या नावाला धक्का लागणार नव्हता. आठ नव्या तारा मागवल्या जाणार होत्या आणि त्या त्यानेच जोडायच्या होत्या. छबीला त्या दिवसापासून कामावरून बाजूला केलं, पुढचं चौकशीनंतर ठरणार होतं. म्हातारे सभासद उठताना मामाला म्हणाले की हसलो त्याबद्दल माफ करा. मामाने मान हलवली. तपासनीस मात्र आपले कागद गोळा करून निघून गेला.

सगळे गेल्यावर छबी बाहेर आली. मामा जिन्याशी उभा होता. ती पुडी हातात घेऊन लेबलं एकेक करून क्रमाने लावत होता. जिन्यात, गॅलरीत कुणीही नव्हतं. तिने हाक मारली, मामा. त्याने ऐकलं. मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, पण जे होतं ते रागापेक्षा दमलेलं होतं. आता तो काही बोलेल, निदान शिव्या तरी देईल, म्हणून ती थांबली.

"नव्या तारा येईपर्यंत ही परत लावून ठेवतो," तो म्हणाला. "येतो, मॅडम."

आणि कठड्याला धरून, एका वेळी एक पायरी, तो खाली उतरू लागला.